वाऱ्याचा कागद आणि सहावी पायरी

माझ्या चुलत भावाने मला फसवलं. त्याने मला काम शिकवलं, पण एक पायरी खिशात ठेवून शिकवलं, आणि ती खिशातली पायरी सगळ्या गावासमोर बाहेर काढून स्वतःच्या खांद्यावर शाल घेतली. हे मी त्याच्या तोंडावर बोललो आहे, वाचनालयाच्या अध्यक्षांच्या तोंडावर बोललो आहे, आणि माझा आवाज मोठा असल्यामुळे खाडीपलीकडेही ऐकू गेलं असेल. तरी कोणी धड उत्तर दिलं नाही. म्हणून आता लिहून ठेवतो.

मी मालवणच्या बाजारात जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि विकतो. हा धंदा मला कोणी शिकवला नाही. दहावीला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसायचा कंटाळा आला. एका ऑफिसाने अंगणात टाकून दिलेले सहा डबे उचलून आणले आणि त्यांतून दोन चालते केले, ती माझी सुरुवात. कणकवलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही जुनी मशीन निघणार असली की मी आधी पोचलेला असतो. भाव करताना मी ओरडतो, उठून निघून जातो, परत येतो. पण एकदा शब्द दिला की तो पाळतो. माझ्या धंद्यात यावर लोक जगतात.

चुलत भाऊ आणि मी एकाच वर्षी जन्मलो. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आहे, ती दोघांची आहे. शाळेत एका बाकावर बसलो. तो पुढे इंजिनियर झाला, पुण्याला एका मोठ्या कंपनीत लागला. मी त्याचा हेवा करतो का, असं कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. करतो. त्याचा इस्त्रीचा शर्ट बघून करतो, त्याच्या लॅपटॉपचं वजन बघून करतो, आणि सगळ्यात जास्त करतो ते तो गावात येऊन कुणाच्याही ओटीवर बसला की माणसं आपोआप गप्प होतात तेव्हा. मी बोललो की माणसं आधी घड्याळ बघतात.

पण एका जागी असं होत नव्हतं. ती जागा म्हणजे वाचनालयाची पडवी.

वाचनालयात मी एक मशीन बसवलं होतं. एका शाळेचे तीन प्रिंटर दुरुस्त करून दिले आणि त्या बदल्यात त्यांच्या अडगळीतलं हे मशीन उचललं. मुख्याध्यापक म्हणाले होते, हे चालणारच नाही. विंडोज खरंच चालत नव्हतं. मी त्यात विंडोजच्या जागी फुकट मिळणारी एक हलकी लिनक्स घातली. ही लिनक्स इतकी लहान की जुन्या मशीनच्या थोड्याशा मेमरीत मावते आणि तरी निम्मी जागा उरते. पडद्यावर चित्रं नाहीत, माउस नाही. काळ्या पाटीवर आज्ञा लिहायची, काम होतं. त्यावर मी आज्ञांची एक छोटी यादी लिहिली. रोज पहाटे मशीन वाचनालयाच्या फोनच्या तारेवरून आपोआप सरकारी हवामानाचं पान आणायचं, त्यातून आमच्या किनाऱ्याचा वारा, लाटेची उंची आणि इशारा वेगळा काढायचं, आणि प्रिंटरमधून एक कागद बाहेर टाकायचं. शेवटची ओळ मी मालवणीत घातली होती. वारा ठरावीक आकड्यावर गेला की छापून यायचं : ‘होडी भायर काढू नकात.’

तो कागद मी फळ्यावर लावायचो. फटफटलं की मच्छीमार पडवीत यायचे. आमच्या बंदरावर मोबाइलला रेंज नाही, आणि जुन्या लोकांना मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. सगळ्यात आधी यायचा म्हातारा तांडेल, होड्यांवरचा जुना म्होरक्या. ज्या होडीच्या सुकाणूवर तो असेल ती होडी आजवर रिकामी आलेली कुणी बघितली नाही. तो कागद हातभर लांब धरून वाचायचा, मग माझ्याकडे बघून मान हलवायचा. त्याने मान हलवली की बाकीचे हलायचे. गावात त्या कागदाला ‘हेचो कागद’ म्हणायचे. हेचो म्हणजे माझा. भिंतीपलीकडून काका, म्हणजे भावाचे वडील, रोज फळ्यापाशी यायचे आणि तिथूनच घरी जाऊन पुण्याला फोन करायचे. मला भिंतीतून ऐकू यायचं. ‘आज पण लागलो तेचो कागद. सगळे वाचतत.’ ते वाक्य ऐकून मला चहा गोड लागायचा.

एका सकाळी कागद आला तो नुसतं डोकं घेऊन. वर तारीख, खाली काही नाही.

तांडेलाने कागद उलटा करून बघितला. ‘काय रे, आज देवान वारोच सोडूक नाय?’

सगळे हसले. मीही हसलो आणि आत जाऊन मशीनपुढे बसलो.

झालं होतं ते असं. हवामानाच्या पानाने आपली जोडणी नव्या कुलपाची, म्हणजे एचटीटीपीएस पत्त्याची, केली होती. सगळीकडे तसंच झालं आहे, चांगलंच आहे. पण माझ्या मशीनमधली पान आणणारी आज्ञा जुनी. तिला ते कुलूप माहीतच नव्हतं. तिच्यापुढे पत्ता ठेवला की ती सांगायची, असला पत्ता मी ओळखत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, मग ती एक आज्ञा बदलावी. तिथेच खरी गोम होती. मोठ्या मशीनमध्ये प्रत्येक कामाचं हत्यार वेगळं असतं. या हलक्या लिनक्समध्ये तसं नसतं. फाईल दाखवणारी एलएस, नक्कल करणारी सीपी, हलवणारी एमव्ही, पान आणणारी डब्ल्यूगेट, एवढंच काय, आज्ञा ऐकून घेणारी ती काळी पाटीदेखील, हे सगळं मिळून एकच फाईल असते. तिला बिझीबॉक्स म्हणतात. नावं शंभर, हत्यार एक. आमच्याकडे एकाच कोयत्याने नारळ फोडतात, माडाची झापं तोडतात आणि मासळीही कापतात, तसं. त्यामुळे एक आज्ञा नवी करायची म्हणजे अख्खा कोयता बदलायचा, आणि तो बदलायचा तोही त्याच कोयत्याने.

चार दिवस मी हात लावला नाही. घरी मोबाइलवर वारा बघून हाताने कागद लिहिला आणि लावला. चौथ्या दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष आले. ते निवृत्त शिक्षक. त्यांनी माझं अक्षर बघितलं.

‘मोबायलार दिसता मां? मगे मशीन कित्याक व्हया? जागा अडवन रवलासा.’

‘बिघडला नाय,’ मी म्हणालो. ‘दुरुस्ती चालू आसा.’

‘दुरुस्ती किती दिवस?’

मी आवाज चढवला. सांगितलं की हे मशीन गेलं तर त्या पडवीत मी पाय ठेवणार नाही. ते मशीनकडे एकदा बघून निघून गेले. मला कळलं की ते मशीन म्हणजे पडवीतली माझी खुर्ची आहे, आणि खुर्ची हलते आहे. तसाच मी भावाला फोन लावला.

आयुष्यात मी त्याच्याकडे काही मागितलेलं नव्हतं. फुकट तर मी कुणाकडेच मागत नाही. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, ‘काय घेतलंस तर करशीत?’

तो हसला. ‘मेल्या, भावाकडसून पण सौदो?’

‘सौदोच बरो. उपकार नको.’

‘मगे गावपळणीची तुझी जागा दी.’

गावपळण म्हणजे काय ते परक्याला सांगायला हवं. काही वर्षांनी एकदा आमच्या गावचा देव कौल देतो आणि अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरात दिवा राहत नाही, चुलीत राख राहत नाही. शेजारच्या गावाच्या हद्दीत झापांच्या खोपी बांधून राहायचं. चौथ्या दिवशी देवाने कौल दिला की परत. त्या वर्षी कौल लागला होता, आणि पळण महिन्यावर आली होती. खोपीची जागा ही आमच्याकडे थोरली गोष्ट असते. मी मागच्या पळणीपासून डोळा ठेवून व्हाळाकाठची, म्हणजे ओढ्याकाठची, जांभळीखालची जागा धरली होती. सावली दिवसभर, पाणी दहा पावलांवर, गुरांचा वास नाही. त्या जमिनीच्या मालकाशी मी दोन सकाळी घासाघीस केली होती.

‘ती जागा गावणा नाय,’ मी म्हणालो.

‘माझे पुण्याचे मित्र येतले पळण बघूक. बायल, पोरां. तेंका ऊन सोसना नाय.’

‘आणि माझ्या बायलेक सोसता?’

‘तुझी बायल तुका सोसता, ऊन काय मगे?’

यावर मला हसू आलं आणि तिथेच मी हरलो. सौद्यात हसलेला माणूस हरतो. मी म्हणालो, जागा देतो, पण काम पुरं पाहिजे. नवी फाईल, आणि काय काय करायचं ते पायरी पायरीने लिहून. तो म्हणाला, ‘पुरा देतंय.’ हा शब्द त्याने उच्चारला. पुरा.

दोन दिवसांनी फाईल आल्या, आणि मोबाइलवर पायऱ्या आल्या. आकडे घालून लिहिलेल्या. मी दुपारी वाचनालयाचं दार लावून घेतलं आणि बसलो.

जुन्या फाईलची एक प्रत वेगळ्या नावाने बाजूला ठेवली. नवी फाईल आणि तिच्या सोबतची एक जोडफाईल डिस्कवर घेतली. ही जोडफाईल म्हणजे नवीचा आधार, तिच्याशिवाय नवी उभी राहत नाही. नवीला चालवायची परवानगी दिली. आधी जागेवर न बसवता नुसती हाक मारून बघितली. तिने आपली आवृत्ती सांगितली, खाली आज्ञांची लांबच लांब यादी दाखवली. त्या यादीत पूर्वी नव्हती अशी नावं होती. भंगारात सोन्याची तार सापडावी तसं मला झालं.

मग पाचवी पायरी. ही लिनक्स सुरू होताना एक छोटं गाठोडं सोडते. त्यात फक्त उठायला लागतील तेवढ्याच वस्तू असतात, बाकीचं सामान डिस्कवरून मागाहून येतं. ते गाठोडं उघडायचं, जुनी फाईल काढून नवी घालायची, पुन्हा बांधायचं, आणि चालत्या मशीनवरही सगळी नावं नवीकडे वळवायची. मी श्वास धरून केलं. एलएस लिहिलं. फाईल दिसल्या. सीपी लिहिलं, चाललं. तिच्याखालची शेवटची पायरी होती, कागद काढून बघ. काढला. वारा आला, लाट आली, इशारा आला.

दार उघडून मी पडवीत गेलो तर कोणी नव्हतं. तरी फळ्यावर कागद लावला. दुसऱ्या सकाळी तांडेलाने तो हातभर लांब धरला, वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ‘इलो रे वारो परत!’ काका उभे होते. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं.

भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, ‘बंद करून बघलंस?’

‘बंद कित्याक? इन्व्हर्टर आसा. चार महिने मशीन बंद जावक नाय.’ हे मी अभिमानाने सांगितलं.

‘बरा,’ तो म्हणाला. एवढंच. तिथे त्याने सांगायला हवं होतं. फोन हातात होता, मी ऐकत होतो. त्याने ‘बरा’ म्हणून ठेवला.

पळणीच्या दिवशी देवळात ढोल वाजला आणि आम्ही निघालो. निघताना प्रत्येक घराचा मेन स्विच बंद करतात, तसा मी वाचनालयाचा केला. आधी मशीनला आज्ञा देऊन रीतसर झोपवलं, मग इन्व्हर्टरची वायर काढली. गावात मागे काही जागं राहायचं नसतं. हे प्रत्येक लहान पोराला माहीत असतं. माझ्या भावाला तर माहीत होतंच.

माझी खोप कातळावर आली. खाली दगड, वर ऊन, आणि वाऱ्याने झापं उडायची म्हणून त्यांच्यावर पुन्हा दगड. बायको दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘जांभळीखाली थंड आसात, वायच जावन बसान येतंय. तुमी हय वारो मोजा.’

मीही गेलो शेवटी. गेलो नसतो तर बरं झालं असतं. भावाच्या खोपीपुढे अर्धा गाव बसला होता. पुण्याचे मित्र फोटो काढत होते. वहिनी सगळ्यांना चहा देत होती. आणि तो बोलत होता. त्याचं मालवणी पुण्यात राहून राहून जास्तच मालवणी झालेलं, मुद्दाम आठवून बोलल्यासारखं. तो सांगत होता की गावातलं मशीन त्याने पुण्यात बसून कसं नवं केलं.

‘मी?’ मी उभ्यानेच विचारलं. ‘मी थय काय करी होतंय? पंखो मारी होतंय?’

‘हात तुझे होते रे,’ तो म्हणाला. ‘डोक्या माझा.’

सगळे हसले. तांडेलही हसला. ते मला लागलं. तांडेल माझ्या फळ्यापाशी उभा राहणारा माणूस होता आणि आता माझ्या भावाच्या चटईवर बसून भावाचा चहा पीत होता, माझ्या जांभळीच्या सावलीत. मी तिथे बसलो नाही. निघालो तेव्हा भाऊ अध्यक्षांना सांगत होता, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलं, ‘परत गेल्यार पयल्या दिसाक कागद येवक नाय तर माका हाक मारा. मी रवतलंय दोन दिवस.’

मला वाटलं बढाई मारतोय. पुण्याच्या माणसाला बढाई मारायला सुट्टी लागते, असं मी मनात म्हणालो आणि कातळावर गेलो.

चौथ्या दिवशी कौल मिळाला. आम्ही परत आलो, घरं झाडली, चुली पेटवल्या. दुसऱ्या पहाटे सगळ्या होड्यांना दर्यात जायचं होतं. चार दिवस कोणी गेलं नव्हतं, आणि त्या दिवशी आभाळ काही धड वाटत नव्हतं. पडवी गच्च भरली होती. मी मेन स्विच लावला, मशीनचं बटण दाबलं.

अक्षरं वर सरकली. अर्ध्यात थांबली. शेवटच्या ओळीत एवढंच, की आधाराची फाईल सापडत नाही. मग काही नाही. नुसती काळी पाटी, तिच्यावर आज्ञा लिहायलाही जागा नाही.

पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा करताना माझ्या मागे कोणीतरी खोकलं.

कारण मला उभ्या उभ्याच कळलं. मशीन उठताना गाठोडं सोडतं. गाठोड्यात नवी फाईल होती, पण तिची जोडफाईल नव्हती. ती डिस्कवर होती, आणि डिस्क जोडायचं काम त्याच नव्या फाईलने करायचं असतं. चालत्या मशीनवर सगळं जागच्या जागी असल्यामुळे काही अडलं नव्हतं. मशीन एकदाही बंद झालं असतं तर मला त्याच दुपारी कळलं असतं. जुनी प्रत बाजूला ठेवली होती ती डिस्कवरच होती. तिथवर जायला जी हत्यारं लागतात ती सगळी तीच एक फाईल. डिस्क लावून बघण्याजोगं दुसरं जुनं मशीन होतं, पण ते मालवणच्या दुकानात. सीडीवरून उठवलं असतं तर जमलं असतं, पण सीडीचा ड्राइव्ह मी उपटून एका गिऱ्हाइकाच्या मशीनला लावला होता. ती चूक माझी. मी ती कबूल करतो. बाकीच्या माझ्या नाहीत.

‘काय झाला?’ तांडेलाने विचारलं.

‘थांबा जरा.’

‘दर्या थांबना नाय रे बाबा.’

मी टेबलावर मूठ मारली. कुणावर तरी ओरडायचं म्हणून जवळ उभ्या असलेल्या अध्यक्षांवर ओरडलो, की माणसं मागे घ्या, मला हवा येऊ दे. ते मागे गेले, आणि बाहेर जाऊन त्यांनी हाक मारली. माझ्या भावाला.

तो आंघोळ करून आला होता. केस ओले, शर्ट इस्त्रीचा. एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात एक केबल. ती केबल मी लांबूनच ओळखली. ती जुन्या रुंद पट्टीच्या डिस्कला लॅपटॉपशी जोडणारी केबल होती. असल्या डिस्क आता कोणी वापरत नाही. मी दोन वर्षं ती केबल शोधत होतो. मालवणात नाही, कणकवलीत नाही, कुडाळच्या दुकानदाराने मला वेड्यात काढलं होतं. आणि माझा भाऊ गावपळणीला येताना पुण्याहून ती घेऊन आला होता. लहान पोरांचे कपडे, बायकोची औषधं, पुण्याच्या मित्रांच्या चटया, आणि ती केबल.

त्याने डिस्क काढली, लॅपटॉपला लावली, गाठोडं उघडलं, जोडफाईल आत घातली, गाठोडं बांधलं. डिस्क परत बसवली. किती वेळ लागला? तांडेलाची एक विडी. बटण दाबल्यावर मशीन उठलं आणि कागद बाहेर आला. वारा जोरात होता. खाली माझी ओळ छापून आली, ‘होडी भायर काढू नकात.’ लोकांनी ती वाचली आणि टाळ्या वाजवल्या, भावासाठी. ती ओळ मी लिहिली होती. त्या दिवशी दुपारी समुद्र खरंच चढला. त्यामुळे तर तो देवमाणूसच झाला.

संध्याकाळी देवळात त्याला शाल आणि नारळ दिला. अध्यक्ष शुद्ध मराठीत बोलले. म्हणाले, यापुढे या यंत्राची देखभाल आपले सुपुत्र पुण्याहून करतील, तशी सोय ते करून देत आहेत. मला कोणी विचारलं नाही. मी खांबाला टेकून उभा होतो. काका रडत होते आनंदाने. त्यांच्यावर माझा राग नाही.

घरी आल्यावर मी मोबाइल उघडला आणि पायऱ्या परत वाचल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सात.

सहा नव्हती.

मी स्क्रूची पुडी घेतली तरी मोजून घेतो. दुकानात आलेला डबा वजनावरून ओळखतो. आणि इथे सहा पायऱ्या घेऊन सात मिळाल्या असं समजून गप्प बसलो. कारण मला घाई होती, आणि त्याला परत फोन करून ‘समजलं नाही’ म्हणायची लाज होती. ती लाज त्याला ठाऊक होती. एका बाकावर बसलेल्या माणसाला दुसऱ्याची लाज ठाऊक असते.

दुसऱ्या सकाळी तो गाडीत सामान भरत होता तेव्हा मी मोबाइल त्याच्यापुढे धरला. ‘सहावी खंय? जोडफाईल गाठोड्यात घालूची ती?’

त्याने बघितलं. ‘अरे... टाइप करताना ऱ्हवली आसात.’

‘आणि केबल? ती पण टाइप करताना येवन पडली पिशयेत?’

‘तुझा मशीन जुना, म्हणून आणलंय. मदत करूक. तुका सांगितलंय तर तू घेव्चंस नाय, म्हणून बोलाक नाय.’

‘बंद करून बघलंस काय म्हणान इचारलंस माका. मगे गप कित्याक बसलंस?’

तो डिकीचं दार लावत म्हणाला, ‘सगळो गाव तुझ्याच नावान उठता. बाबा रोज फोनार तुझोच कागद सांगतत. माझो एक दिवस झालो तर तुझ्या पोटात कित्याक दुखता?’

पोटात दुखतं, हे खरं आहे. त्याच्याही दुखत होतं, ते मला त्या दिवशी कळलं, आणि कळून बरं वाटलं नाही. पण माझं दुखलं म्हणून मी कुणाच्या होडीखालची फळी काढली नाही. त्या पहाटे वीस माणसं कागदाची वाट बघत उभी होती. कागद आलाच नसता आणि तांडेलाने कंटाळून होडी लोटली असती तर? माझं नाक कापायला त्याने त्या माणसांना ओलीस ठेवलं.

आता मशीन पुण्याहून चालतं. कागद अजून येतो, अजून लोक वाचतात. मी पडवीत जात नाही, रस्त्यावरून बघतो. परवा तांडेल दुकानात आला आणि म्हणाला, ‘भाव भाव एक व्हा रे.’ मी त्याला सांगितलं, एक होऊ, पण आधी सौदा पुरा होऊ दे. मी जागा दिली. बायको-पोरांसकट तीन दिवस कातळावर बसलो. मला त्याने शब्द दिला होता पुऱ्या कामाचा.

तो शिमग्याला येणार आहे, काका भिंतीपलीकडे फोनवर बोलत होते. येऊ दे. पडवीत माणसं असताना मी जाणार आहे, आणि अध्यक्षांनीही तिथे असावं, कारण मला न विचारता मशीन कुणाच्या हाती देण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला हे त्यांनी सांगायचं आहे. आणि तू, तू सगळ्यांच्या समोर सांग : सहावी पायरी विसरलास की ठेवून घेतलीस? दोन्हीपैकी एक बोल. टाइप करताना राहिली हे मी ऐकून घेणार नाही.